सही, हक्क आणि ४,१८० रुपये : व्यसनमुक्ती उपचाराचे नाशिक जिल्ह्यातील एक प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब, दोन्ही केंद्रे आणि लोकप्रतिनिधी यांची नावे दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही रकमा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण कोणत्या दिवशी कोणता कागद हातात होता यावरच निकाल ठरत गेला.

पार्श्वभूमी

रुग्ण ३९ वर्षांचा. सिन्नर तालुक्यातल्या गावातून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रोजची ये-जा, कंत्राटदाराकडे प्रेस शॉपमध्ये काम. दारूची सवय १४ वर्षांची, पण शेवटच्या दोन वर्षांत तिचे रूप बदलले होते. सकाळी चहाची कपबशी धरता येणार नाही इतके हात थरथरायचे आणि पहिला घोट पोटात गेला की थांबायचे. दिवसाला तीन ते चार क्वार्टर. घरच्यांना यात ‘पिणे वाढले’ एवढेच दिसते. डॉक्टरला दिसते ते वेगळे: शरीर आता दारूवर अवलंबून आहे आणि ती औषधाशिवाय एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते.

पत्नी अंगणवाडीत मदतनीस. मोठी मुलगी दहावीत. पत्नीने सगळ्यात आधी फोन केला तो जिल्ह्यातल्याच एका अनुदानित केंद्राला. १५ खाटांचे हे केंद्र एक विश्वस्त संस्था चालवते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, अमली पदार्थांची मागणी कमी करण्यासाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून त्याला पैसे मिळतात आणि तिथे उपचार मोफत असतात. फोनवर उत्तर मिळाले, “सध्या नवीन रुग्ण घेत नाही, दोन महिन्यांनी बघा.” अनुदानाचा दुसरा हप्ता आलेला नव्हता. कर्मचाऱ्यांचे सात महिन्यांचे पगार थकले होते, किराणा दुकानदाराने उधारी बंद केली होती आणि १५ खाटांवर सहाच रुग्ण होते. हे पत्नीला कोणी सांगितले नाही, आणि सांगून तिला त्याचा उपयोगही नव्हता.

मग एका नातेवाइकाने शहराबाहेरच्या दुसऱ्या केंद्राचा नंबर दिला. “तीन महिने ठेवा, सुतासारखा सरळ होऊन येईल.” महिन्याला १२,००० रुपये, आगाऊ १५,०००, गाडीचे ३,००० वेगळे. सोमवारी पहाटे ५ वाजता चार माणसे आली आणि त्याला अंथरुणातून उचलून गाडीत बसवले. पत्नीने गाडीच्या बॉनेटवर ठेवलेल्या दोन कागदांवर सह्या केल्या. एक छापील होता, दुसरा कोरा.

या केंद्राच्या फाटकावर ‘शासनमान्य’ अशी पाटी होती आणि आत भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. ते होते धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे, विश्वस्त संस्था नोंदवल्याचे. त्याने संस्था कायदेशीर होते. माणसे दाखल करून ठेवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येतात. त्यामुळे रुग्णांना निवासी ठेवणारे व्यसनमुक्ती केंद्र हे ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते आणि कलम ६५ प्रमाणे त्याला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते. चौकटीतले प्रमाणपत्र कोणत्या कार्यालयाचे आहे, हे वाचायची सवय अजून कुटुंबांना नाही. ती लागली तर निम्मे अनर्थ फाटकावरच टळतील.

दिल्लीच्या एम्सने २०१८ मध्ये केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. बाकीचे कुठे जातात, याचे उत्तर अशा पाट्यांमागे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावातल्या एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) कारखान्यावर छापा पडला तेव्हा नाशिकचे नाव राज्यभर गाजले. पुरवठ्यावर बोलले गेले तितके उपचाराच्या खाटांवर बोलले गेले असते, तर या कुटुंबाचा पहिला फोन कदाचित वाया गेला नसता.

अडचण

शेवटचा घोट रविवारी रात्री साडेदहाला. दारू तुटल्यानंतरच्या आकड्या (फिट) बहुधा ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम, भास, ताप आणि घाम असलेली गंभीर अवस्था साधारण ४८ ते ९६ तासांत. म्हणजे सोमवार ते गुरुवार हे दिवस सगळ्यात धोक्याचे. या काळात डायझेपाम किंवा त्याच गटातले औषध मापाने देऊन हळूहळू कमी करायचे असते, शिरेतून थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायचे असते, दर काही तासांनी नाडी, रक्तदाब आणि थरथर तपासायची असते. केंद्रात यातले काहीच नव्हते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. रात्रपाळीला होता तो आधीच्या तुकडीतला बरा झालेला रुग्ण.

मंगळवारी पहाटे ३ वाजता, साडेअठ्ठावीस तासांनी, पहिली आकडी आली. त्याला कांदा हुंगवला, मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला. वीस मिनिटांनी दुसरी आली आणि जीभ चावली गेली. सकाळी ८ वाजता एका खाजगी दवाखान्यात नेले, पण सोबतच्या माणसाने “जुनी फिटची तक्रार आहे” असे सांगितले. दारू तुटून दीड दिवस झाल्याचे डॉक्टरला कळलेच नाही. ग्लुकोजचे सलाइन लावले, थायमिन दिले नाही. दारूने पोखरलेल्या शरीरात थायमिनआधी ग्लुकोज गेले तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. दोन तासांनी त्याला परत केंद्रात आणले. पत्नीला फोन गेला तो ६,५०० रुपयांच्या बिलासाठी. आकडी आल्याचे तिला त्या फोनवरून कळले.

बुधवारी ती फाटकावर गेली. “२१ दिवस भेट नाही, फोन नाही, नियम आहे.” फाटकाच्या फटीतून तिला नवरा दिसला. त्याचे डोके भादरलेले होते.

तिथून ती थेट एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेली. तिथल्या समाजसेविकेने पहिला प्रश्न विचारला, “ताई, सही कशावर केलीत, आठवतंय का?”

“एक वाचला. त्यात स्वखुशीने दाखल होत आहे असं होतं. दुसरा कोरा होता.”

पहिली वाट या उत्तरातून सापडली.

समोर असलेले पर्याय

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेले वकील आणि विधी स्वयंसेवक यांनी गुरुवारी सकाळी पत्नीसोबत बसून पर्याय मांडले. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे फीचा प्रश्न नव्हता.

पैसे भरून सोडवून आणणे सगळ्यात जलद दिसत होते. पण केंद्र तीन महिन्यांची पूर्ण रक्कम मागत होते, आणि आत आणखी २२ माणसे होती.

पोलिसांत तक्रार हा दुसरा मार्ग. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये अन्यायाने अडकवून ठेवण्याचा गुन्हा आहे. पत्नी मात्र घाबरली होती: सही तिची, पैसे तिने दिले, मग आरोपी तीच ठरली तर? ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. घरच्यांच्या सहीवर चालणारी केंद्रे त्याच भीतीवर टिकतात. मुंबई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे अडकवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका हा तिसरा. प्रभावी, पण मुंबईला जाऊन वकील उभा करायला दोन-तीन दिवस लागणार, आणि ९६ तासांची मर्यादा त्याच रात्री संपत होती.

चौथा मार्ग कायद्यातच होता. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे साध्या कागदावर, कोणतेही शुल्क न भरता अर्ज करता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर कलम ८९ खाली दाखल करून घेण्याला आव्हान दिले तर मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. सात दिवसही जास्तच होते.

वकिलांनी मग पाचवी वाट काढली, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. केंद्राच्या छापील कागदावर रुग्ण ‘स्वखुशीने’ दाखल झाल्याचे लिहिले होते. ते खोटे आहे हे सिद्ध करत बसण्याऐवजी ते खरे मानायचे. स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाने घरी जायचे म्हटले तर कलम ८८ प्रमाणे त्याला सोडावेच लागते. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते. आणि केंद्र म्हणाले की तो स्वखुशीने आला नव्हता, तर मग कलम ८९ चे कागद हवेत: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, यांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे केलेल्या दोन तपासण्या, शिवाय मंडळाला पाठवलेली सूचना. हे कागद नव्हतेच. केंद्राने कोणतेही उत्तर दिले तरी माणूस बाहेर येणार होता.

केलेली कृती : पहिला धागा, माणूस बाहेर काढणे

गुरुवारी दुपारी दीड पानाचे पत्र तयार झाले. पहिल्या परिच्छेदात कलम ८८ ची मागणी. दुसऱ्यात कलम २० (सक्तीने डोके भादरण्यास मनाई) आणि कलम २६ (भेट व फोनचा हक्क) यांचा भंग. तिसऱ्यात, दोन आकड्या येऊन गेल्या असल्याने पुढे काही झाले तर जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न. प्रती पुनरावलोकन मंडळ, राज्य प्राधिकरण आणि पोलीस ठाण्याला. पोलिसांकडे तक्रार दिली नाही, ‘माहितीसाठी’ प्रत दिली. पत्नीची भीती आणि केंद्रावरचा दबाव यांचा मेळ त्यात बसला.

पत्र घेऊन स्वयंसेवक रुग्णवाहिकेसकट फाटकावर गेले. रुग्णवाहिका नेण्याचा आग्रह समाजसेविकेचा होता. माणूस रस्त्यावर सोडला तर पहिले दुकान दारूचे लागेल, किंवा तिसरी आकडी रिक्षात येईल, असे तिचे म्हणणे होते. संध्याकाळी साडेसातला त्याला सोडले. तो बडबडत होता, अंगात ताप होता, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. म्हणजे ज्या अवस्थेची भीती होती, ती सुरू झालेली होती. सरकारी रुग्णालयात थायमिन आणि डायझेपाम सुरू झाले. पाचव्या दिवशी तो शुद्धीत नीट बोलू लागला.

पुढचा निर्णय अवघड होता: बाकीच्या २२ जणांचे काय? केंद्राला ताबडतोब टाळे ठोका, ही मागणी स्वाभाविक होती. पण कोणाची दारू परवा तुटली आहे, कोण एमडीचा आहे, कोणाला घरी घ्यायला कोणी नाही, हे न पाहता फाटक उघडले असते तर आणखी दोन-चार जीव धोक्यात आले असते. म्हणून तक्रारीत मागणी अशी लिहिली की आधी वैद्यकीय पथकाने प्रत्येकाची तपासणी करावी, यादी करावी, मग हलवाहलव. हे वाक्य तक्रारीत घालण्याचा निर्णय सगळ्या प्रकरणात सर्वात शहाणपणाचा होता.

दुसरा धागा, खाटेमागचे पैसे

विषमुक्ती, म्हणजे औषधांच्या आधाराने दारू तोडणे, हा उपचाराचा फक्त पहिला आठवडा. पुढच्या पुनर्वसनासाठी खाट हवी होती आणि अनुदानित केंद्र नव्या रुग्णांसाठी अजून बंदच होते. कलम १८ उपचाराचा हक्क देते. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या आस्थापनेत तो मोफत आहे. पण अनुदान आले नाही म्हणून दार बंद असलेल्या आस्थापनेत हा हक्क कसा बजावायचा? इथून हे प्रकरण संसदेकडे वळले.

पहिला विचार लोकसभेकडे याचिका पाठवण्याचा होता. तो लवकर सोडला. याचिकेवर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि ज्या गोष्टीवर कायद्यात उपाय उपलब्ध आहे तिच्यावर याचिका चालत नाही. मग जिल्ह्यातल्या एका खासदाराच्या कार्यालयाकडे प्रश्नाचा मसुदा गेला. पहिला मसुदा वाया जाणारा होता. २६० शब्द, नऊ उपप्रश्न, बेकायदा केंद्रे आणि थकलेले अनुदान एकाच दमात, आणि शेवटी “शासन काय करत आहे?” खासदारांच्या स्वीय सहायकांनी तो शांतपणे परत केला. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. राज्याच्या अखत्यारीतला विषय केंद्राच्या मंत्र्याला विचारता येत नाही. आणि केंद्रांची नोंदणी आरोग्य खात्याकडे, अनुदान सामाजिक न्यायाकडे. दोन्ही एकत्र विचारले तर प्रश्न दोन मंत्रालयांत टोलवला जाणार.

तारांकित की अतारांकित, यावर थोडा वाद झाला. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते, पूरक प्रश्न विचारता येतात. पण लोकसभेत दिवसाला २० च प्रश्न तारांकित यादीत येतात आणि ते सोडतीने. अतारांकित २३० असतात आणि उत्तर लेखी मिळते. इथे भाषण नको होते, तारखा आणि रकमा हव्या होत्या. म्हणून अतारांकित. अंतिम प्रश्न चार भागांचा झाला:

(क) नाशिक जिल्ह्यात अमली पदार्थांविषयीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याखाली अनुदानित निवासी केंद्रे किती व मंजूर खाटा किती. (ख) मागील तीन आर्थिक वर्षांत प्रत्येक केंद्राला मंजूर झालेली व प्रत्यक्ष दिलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखांसह. (ग) हप्ता प्रलंबित असल्यास प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर व कोणत्या तारखेपासून आहे. (घ) त्या काळात रुग्णांची पर्यायी व्यवस्था काय?

सगळा जीव (ग) मध्ये होता. ‘प्रलंबित आहे का’ असे विचारले की ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर येते. टप्पा आणि तारीख मागितली की कोणाला तरी फाइल उघडून पाहावी लागते.

आणि फाइल उघडली गेली, पण दिल्लीत नाही, अनुदानित व्यसनमुक्ती केंद्राच्याच कार्यालयात. प्रश्नासोबत जोडायच्या टिपणासाठी सहायकांनी केंद्राला विचारले, “तुमच्या अनुदान पोर्टलवर आज काय दिसतंय?” कोणालाच सांगता येईना. लॉगिन जुन्या हिशेबनिसाकडे होते. तो मार्चमध्ये नोकरी सोडून गेला होता आणि ओटीपी अजून त्याच्याच मोबाइलवर जात होता. त्याला शोधून काढले, लॉगिन केले, तर पाच महिन्यांपूर्वीची एक शंका तशीच उभी होती: पहिल्या हप्त्यावर बँकेत जमा झालेले ४,१८० रुपये व्याज सरकारजमा केलेले नाही.

सामान्य वित्तीय नियम, २०१७ च्या नियम २३० प्रमाणे अनुदानावर मिळालेले व्याज हिशेब पक्के होताच भारताच्या संचित निधीत भरावे लागते. केंद्राने ते व्याज रुग्णांच्या दुधावर खर्च केले होते. हेतू वाईट नव्हता, पण विनियोग प्रमाणपत्रात (अनुदान कसे खर्च झाले याच्या दाखल्यात) ते दिसत होते आणि चलन जोडलेले नव्हते. त्यामुळे प्रमाणपत्र अपुरे, प्रस्ताव अपुरा, आणि लाखोंचा हप्ता थांबलेला. एका दिवसात भारतकोश पोर्टलवरून रक्कम भरली, चलन काढले, सनदी लेखापालाकडून नमुना १२-ए मधले विनियोग प्रमाणपत्र दुरुस्त करून घेतले आणि चढवले. पोर्टलवरचा मोबाइल क्रमांक मात्र संस्थेच्या ठरावाची प्रत दिल्याशिवाय बदलेना. त्यात आणखी नऊ दिवस गेले.

आता प्रश्न मागे घ्यायचा का? चूक आपलीच निघाली, सभागृहात कशाला, असे केंद्राच्या विश्वस्तांना वाटत होते. स्वयंसेवकांचे म्हणणे उलट होते: पाच महिने खाटा रिकाम्या राहिल्या आणि जिल्ह्यात कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही, हीच मुळात विचारण्याची गोष्ट आहे. प्रश्न ठेवला. हा निर्णय बरोबर होता.

निष्पत्ती

सामाजिक न्याय मंत्रालयाचे उत्तर लेखी आले, सोबत केंद्रनिहाय तक्ता. हप्ते पूर्ण प्रस्ताव, विनियोग प्रमाणपत्र आणि तपासणी अहवाल मिळाल्यावर दिले जातात, असा खुलासा. पर्यायी व्यवस्थेच्या जागी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. (घ) चे हे उत्तर अपुरे आहे. हेल्पलाइनला खाट नसते. पण तक्ता मोलाचा ठरला. कोणत्या केंद्राला कोणता हप्ता कधी मिळाला, हे पहिल्यांदाच एका कागदावर आले आणि त्यावरून जिल्ह्यातल्या आणखी एका संस्थेने स्वतःचे लॉगिन तपासले.

आरोग्य मंत्रालयाला स्वतंत्रपणे विचारलेल्या, नोंदणी नसलेल्या केंद्रांविषयीच्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर आले: आरोग्य हा राज्याचा विषय, नोंदणी राज्य प्राधिकरणाकडे.

तिसरी गोष्ट गाजावाजा न होता झाली. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीचा मानसिक आरोग्यावरचा १४८ वा अहवाल आणि सामाजिक न्याय समितीचा तरुणांमधील अमली पदार्थांच्या गैरवापरावरचा अहवाल, दोन्ही ऑगस्ट २०२३ चे, म्हणजे विषय समित्यांना नवा नव्हता. अनुदानाच्या मागण्या तपासणारी समिती दरवर्षी अर्थसंकल्पानंतर बसते. तिला चार पानी निवेदन पाठवले, सूचना एकच: पोर्टलवरची शंका ३० दिवस अनुत्तरित राहिली तर ती जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्यालाही आपोआप दिसावी. एका संस्थेचे गाऱ्हाणे समिती बाजूला ठेवू शकते. कोणत्याही जिल्ह्यात उद्या लागू करता येईल अशी सूचना बाजूला ठेवणे अवघड असते. आणि समितीने शिफारस केली तर सरकारला तीन महिन्यांत काय केले ते कळवावे लागते.

हप्ता ११ आठवड्यांनी आला. तोवर रुग्ण घरीच होता, दर सोमवारी ओपीडीत. पाचव्या आठवड्यात त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली. विषमुक्तीनंतर पुनर्वसनाशिवायचा काळ लांबला की असे होते, यात त्याच्या इच्छाशक्तीला बोल लावण्यात अर्थ नाही. खाट असती तर तो त्या आठवड्यात केंद्रात असता. केंद्र सुरू झाल्यावर तो स्वतःहून, या वेळी खरोखर स्वखुशीने, दाखल झाला. त्यालाही आता सात महिने झाले. नाशिकरोडच्या एका साप्ताहिक बैठकीला तो नियमित जातो.

बेकायदा केंद्रात तपासणी झाली. २२ पैकी १४ जण घरी गेले, पाच सरकारी रुग्णालयात, तिघांना घ्यायला कोणी आले नाही म्हणून त्यांची निवाऱ्यात सोय करावी लागली. नोंदणी न करता केंद्र चालवल्याबद्दल कलम १०७ खाली पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. महिन्याला २२ माणसांकडून प्रत्येकी १२,००० घेणाऱ्याला हा आकडा किती जड जाईल, हे वाचकांनीच ठरवावे.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात मोठी चुकलेली संधी अगदी घराजवळ होती. कारखान्यात तो कंत्राटी असला तरी पगारातून कामगार विम्याची कपात होत होती. म्हणजे सातपूरच्या राज्य कामगार विमा रुग्णालयाचा दरवाजा त्याला उघडा होता, आणि सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवस भरले असते तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभही मिळाला असता. पत्नीने सुरुवातीलाच पगाराची चिठ्ठी कोणाला दाखवली असती, तर कदाचित तो पहाटेचा प्रसंग आलाच नसता. विधी स्वयंसेवकांनीही ती चिठ्ठी तिसऱ्या आठवड्यात मागितली. ती पहिल्या दिवशी मागायला हवी होती.

विधिमंडळाकडे उशिरा वळले गेले. नोंदणी राज्याकडे आहे हे मसुदा लिहितानाच कळले होते, तरी आमदारांकडे लक्षवेधीसाठी कागद गेले ते नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा पहिला आठवडा उलटल्यावर. संसद आणि विधिमंडळ हे दोन्ही धागे एकाच दिवशी सुरू करायला हवे होते, कारण हक्काचा अर्धा भाग मुंबईत आणि पैशाचा अर्धा भाग दिल्लीत आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून पहिल्याच आठवड्यात केला असता, तर ३० दिवसांत प्रस्तावाची स्थिती कळली असती आणि व्याजाची भानगड संसदेची वाट न पाहता सुटली असती.

खाजगी दवाखान्यात खोटी माहिती दिली गेली, त्यावर डॉक्टर काय करू शकला असता? चाळिशीच्या आसपासच्या माणसाला आकडी आली, हात थरथरत आहेत, घाम आहे, तर ‘शेवटची दारू कधी घेतली’ हा प्रश्न सोबतच्याला नाही, रुग्णाला एकट्याला विचारायचा. आणि शंका असली तरी ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचे.

एक चूक मदत करणाऱ्यांकडूनही झाली. सुटकेच्या रात्री भादरलेल्या डोक्याचा फोटो एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पुरावा’ म्हणून पडला आणि दुसऱ्या दिवशी गावात पोहोचला. अशा रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यास कलम २४ मध्ये मनाई आहे; व्हॉट्सॲपवरही तोच विवेक पाळायला हवा होता. मुलगी त्या आठवड्यात शाळेत गेली नाही. पुरावा म्हणून काढलेला फोटो अर्जासोबत बंद पाकिटात जायला हवा होता, आणि तेवढ्याच ठिकाणी.

कुटुंबाचे आगाऊ भरलेले १८,००० रुपये अजून परत मिळालेले नाहीत. केंद्राने दिलेल्या पावतीवर ‘उपचार खर्च’ असे लिहिलेले नाही, ‘ऐच्छिक देणगी’ असे छापलेले आहे. ग्राहक आयोगापुढच्या तक्रारीत सध्या याच दोन शब्दांवर युक्तिवाद सुरू आहे, आणि सोबत जोडला आहे तो तिने सही केलेला छापील कागद. त्यात दर महिन्याचा ‘उपचार शुल्क’ असा रकाना आहे आणि त्यापुढे शाईने १२,००० लिहिले आहे.